यल्लाची नजर

मांजरीचं नाव यल्ला, म्हणजे अरबीत 'चल'. नाव सूर्यकांतच्या बायकोने, छायाने ठेवलेलं. पण चौदा वर्षांत हाक ऐकून ती जागची हलल्याचं अबुधाबीत कोणी पाहिलं नव्हतं. छाया जाऊन दोन वर्षं झाली. मागे उरले सूर्यकांत आणि यल्ला, आणि दोघांत कोण कोणाला सांभाळतंय हे बिल्डिंगच्या वॉचमनलाही सांगता आलं नसतं.

यल्लाचे डोळे आधी निळसर, धुरकट झाले. वय झालं, म्हणून सूर्यकांतने सोडून दिलं. मग बाहुल्या भर उन्हातही कोटाच्या बटणांएवढ्या पसरलेल्या राहू लागल्या. तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता. त्याने गाठला नाही, कारण त्याच सुमारास यल्ला स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बघायला लागली होती.

खाली नव्हे, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. मान गॅसपासून फ्रिजकडे वळे, फ्रिजपासून सिंककडे, मग परत गॅसपाशी येऊन चहाला उकळी फुटेपर्यंत थांबे. गॅस बंद असे. तिची नजर हॉलकडे येऊ लागली की सोफ्यावरचा सूर्यकांत वाट द्यायला पाय जवळ घेई. तेल कंपनीतला सीनियर इंजिनियर होता तो, पाइपलाइनच्या गळत्या शोधणारा. लाज वाटे. पाय मात्र घेई.

शुक्रवारी त्याची लेक ईशानी शारजाच्या हॉस्टेलवरून आली आणि तिच्यादेखत यल्ला फ्रिजवर आपटली.

"बाबा, शी कान्ट सी! डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"अगं, बघते ती."

"सी व्हॉट?"

सूर्यकांत मांजरीची टोपली शोधायला उठला.

डॉक्टर मुनीरनी डोळ्यांत टॉर्च मारला. "साब, उमर से आँख नीली पड़े तो डरने का नहीं. लेकिन पुतली धूप में भी फैली रहे, बिल्ली टकराने लगे, तो उसी दिन लाने का." बीपी वाढून डोळ्यांतले पडदे सुटले होते. उजवा डोळा गेला होता. रोज चतकोर गोळी दिली तर डावा कदाचित येईल. "अभी तो इसको कुछ नहीं दिखता."

सूर्यकांतने गोळ्या ब्रीफकेसमध्ये ठेवल्या, नंबरचं कुलूप फिरवलं आणि दिल्या नाहीत. मांजरीला दिसायला लागलं, तर मग ती दाराकडे कशाला बघेल? उद्यापासून देऊ, इन्शाल्ला, असं तो रोज म्हणे.

पुढच्या शुक्रवारी यल्लाने माशीवर झडप घातली. डावी बाहुली उन्हात बारीक रेघ झाली होती. मिशांना साजूक तूप होतं. छाया तिला औषध तुपात घोळून द्यायची. छायानंतर घरात तूप आलंच नव्हतं.

ब्रीफकेसचं कुलूप जसंच्या तसं होतं. आतल्या गोळ्या कमी झाल्या होत्या.

"ईशू, गोळी तू दिलीस?"

"बाबा, आय जस्ट केम!"

यल्ला आता दाराकडे ढुंकूनही बघेना. खिडकीबाहेरची कबुतरं बघत बसे.

मग तिच्या जागी सूर्यकांत बसू लागला. फरशीवर, मांडी घालून, रोज संध्याकाळी. "छाया, एकदाच गं," म्हणायचा.

काही दिवसांनी त्याला दिवे पिंजल्यासारखे दिसू लागले. कडांना धूर. फोनवर ईशानी ओरडली, "गेट युअर आइज चेक्ड!" तो हो हो म्हणाला, आणि फोन ठेवून परत दाराशी जाऊन बसला. इतका आनंद त्याला दोन वर्षांत झाला नव्हता.

एका संध्याकाळी त्या धुरात, सिंकपाशी, साडीच्या चुण्या दिसल्या.

हलल्या.

त्याने पाय जवळ घेतले.

फ्रिजपर्यंत आल्या. थांबल्या. ती पाठमोरी होती.

उद्या वळेल, त्याला वाटलं. उद्या नक्की.

सकाळी जाग आली तेव्हा एसीच्या जाळीची पट्टी न् पट्टी स्वच्छ दिसत होती. स्वयंपाकघराचं दार हे नुसतं दार होतं.

जिभेवर तुपकट, कडवट चव होती. आणि हनुवटीपासून खाली गळ्यावर गारवा होता, गोळी गिळावी म्हणून मांजरीच्या गळ्यावरून बोट फिरवतात, तसं कोणीतरी नुकतंच फिरवल्याचा.