अंधाऱ्या खोलीतली तीट

अबोलीच्या एकाही फोटोत बाळाला हात नव्हते! हातांच्या जागी धुरकट फराटे, आणि पायांच्या जागी तर नुसताच धूर. खरं बाळ समोर पाळण्यात झोपलं होतं, झोपेतही हातपाय नाचवत होतं. मग फोटोत ते जात कुठे होते?

"बाबांना काय हे भूत पाठवू?" अबोली रडकुंडीला आली.

बाबा चंद्रावर होते. बाळाच्या जन्माआधीच त्यांना चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या तळावर जावं लागलं होतं. तिथून पृथ्वी दिसतही नाही. निरोप जातो तो मधल्या उपग्रहामार्फत, आणि तो उपग्रह आज संध्याकाळपासून दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहणार होता. जाताना बाबांनी अबोलीला तिचा पहिला कॅमेरा दिला होता. म्हणाले होते, "बाळाचा पहिला फोटो तूच काढायचा. आणि माझ्या वाटची तीट त्याच्या तळपायाला लाव. मला ती फोटोत दिसली पाहिजे हं."

सकाळी अबोलीने काजळाची तीट लावली. पण पहाटेपासून रडून रडून बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. पडदे ओढलेले होते. "दिवा लावलास किंवा फ्लॅश मारलास तर याद राख," असं बजावून आईही तिथेच आडवी झाली होती.

"बघू तो कॅमेरा," हळूच आवाज आला. ही झुलाताई, पाळणा हलवणारी यंत्रताई. प्रसूतिगृहाने बाळाबरोबर तिलाही घरी पाठवलं होतं. "अगं, कॅमेऱ्यातला हा आयएसओचा आकडा शंभरावर कोणी बांधून ठेवला?"

"मीच. शेजारचा तन्मयदादा म्हणाला, आकडा कमी तर फोटो स्वच्छ."

"उन्हात खरं आहे त्याचं. पण इथे उजेड किती? कॅमेऱ्याने भिंगाचं तोंड आधीच पूर्ण उघडलंय. तरी पुरेना, म्हणून बिचारा शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) अर्धा सेकंद उघडं ठेवतोय. तेवढ्यात आपल्या पैलवानाचे हात इकडून तिकडे जातात."

"मग आयएसओ वाढवला की जास्त प्रकाश आत येतो?"

"इथेच सगळे फसतात. प्रकाश आहे तेवढाच राहतो. तो संवेदकावर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडला की त्याचा विजेचा संकेत होतो. अंधारात तो अगदी दुबळा असतो. आयएसओ वाढवणं म्हणजे तो दुबळा संकेत मोठा करणं. शाळेत कुणी हळू बोललं की तुम्ही काय करता?"

"माइकचा आवाज वाढवतो. पण मग तो खरखरतो."

"शाब्बास! फोटोही खरखरतो. त्यात कण दिसतात."

"मग कितीवर ठेवू?"

"कॅमेऱ्यालाच ठरवू दे. त्याला म्हणतात आपोआप आयएसओ. उजेड मोजून तो आकडा स्वतःच वरखाली करतो. अंगणात गेलीस की खाली आणेल. आपण फक्त दोन मर्यादा घालायच्या. शटरने यापेक्षा जास्त रेंगाळायचं नाही, आणि आकडा याच्या वर न्यायचा नाही." झुलाताईने पाळण्याचा झोका थांबवला. "माझा डोळाही असाच आहे गं. या अंधारात मी दिवसभर बाळाचा श्वास बघत असते. ते मला नेहमी खरखरीतच दिसतं. पण दिसतं."

अबोलीने दोन्ही मर्यादा घातल्या आणि बटण दाबलं.

पाचही बोटं आली! इवलासा तळपाय आला, आणि त्यावरची तीटही. फक्त सगळ्या फोटोवर रवा भुरभुरल्यासारखे कण होते. अबोलीने नाक मुरडलं. तिने 'सफाई' असं लिहिलेलं बटण दाबलं. कण गेले, बाळ मेणासारखं गुळगुळीत झालं.

आणि तीटही गेली.

"सफाईला कण आणि तीट यांतलं काही कळत नाही," झुलाताई म्हणाली. "तिला सगळे डाग सारखेच."

अबोलीने क्षणभर दोन्ही फोटो पाहिले. मग गुळगुळीत बाळ पुसून टाकलं आणि खरखरीत बाळ चंद्राकडे पाठवून दिलं.

उपग्रह बंद होण्याच्या जरासं आधी बाबांचा आवाज आला. "अबोली, फोटोभर कण आहेत गं..." अबोलीचा चेहरा उतरला. बाबा पुढे म्हणाले, "पण तीट मला लगेच सापडली. केव्हाचा पडद्यावर तिच्यावर बोट ठेवून बसलोय. जरा तिरकी लावलीस. आलो की नीट लावून दाखवतो."

आई जागी झाली होती. ती डोळे पुसत हसली. तेवढ्यात बाळही उठलं, आणि झुलाताईने खिडकीचा पडदा बाजूला सारला. मावळतीचं ऊन थेट पाळण्यात आलं. अबोलीने कॅमेरा उचलला. आयएसओचा आकडा भराभर खाली आला, शंभरावर येऊन थांबला.

उपग्रह पुन्हा सुरू होईल तेव्हा बाबांना पाठवायला महिनाभराचे फोटो साठवायचे होते. तिने बाळाचा पाय हलकेच धरला आणि पुसट झालेली तीट पुन्हा लावली, यावेळीही तिरकीच.