शेळगावचा आठचा फोन

अबोली आणि कुशल यांची गाठ घालून दिली ती एका रडक्या फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या खोक्यानं! बारामतीच्या डेअरी ऑफिसात नेटवर्क सांभाळणारी अबोली भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. एका सकाळी शेळगावच्या दूध केंद्राची लाईन बसली आणि तिकडून फोन आला – "म्याडम, आकडं जाईनात. तोंडी सांगू का?"

झालं! तेव्हापासून रोज सकाळी आठला केंद्रावरचा कुशल दुधाच्या फॅटचे आकडे वाचून दाखवी, अबोली भरून घेई. आकडे संपले तरी फोन काही संपत नसे.

"आवाज बारीक येतोय. काल जेवला न्हाय का?"

"एकटीसाठी कोण रांधतं…"

"मग हुरडा धाडतो."

"तोही तोंडीच का, कुशलराव?"

दोघंही हसत. दिवसभरात तिची चौकशी करणारं तेवढंच एक माणूस होतं.

मग नवा फायरवॉल घ्यायचं निघालं. साहेब स्वस्तातल्या खोक्याच्या ऑर्डरवर सही करायला बसले. माहितीपत्रकात वेग कसा झकास लिहिलेला! पण अबोलीला ठाऊक होतं, तो वेग व्हीपीएन बंद ठेवून मोजलेला. व्हीपीएन म्हणजे प्रत्येक आकडा कुलूपबंद करून पाठवायचा. त्या कामाला वेगळी चिप नसली, की हेही खोकं धापा टाकणार. ती गप्प बसली असती तर? लाईन रडत राहिली असती, फोन वाजत राहिला असता… कुणाला कळणार होतं मेलं!

पण लाईन बसली की बायका कॅन घेऊन ताटकळतात, हे कुशलनंच सांगितलेलं.

"साहेब, एन्क्रिप्शनची, म्हणजे कुलूप घालणारी चिप असलेलाच घ्या," ती म्हणाली, आणि चाचणीला मागवलेल्या दोन्ही खोक्यांचा, स्वस्तातल्या आणि चिपवाल्या, वेग व्हीपीएन चालू ठेवून मोजून दाखवला.

नवा फायरवॉल बसला. आठ वाजता आकडे भराभर पडद्यावर उतरले. फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. फार एकटं वाटलं तिला. आपल्याच हातानं केलेलं, सांगणार कुणाला?

नवव्या दिवशी, बरोबर आठला, फोन वाजला.

"लाईन बसली?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"न्हाय वो… झकास हाय. आठ दिस झालं, पडायची वाट बघतोय, पडंचना! म्हणून आज बिनकामाचाच केलाय. चालंल?"

अबोलीचे डोळे भरून आले.

"नाही चालणार. आकडा सांगा."

"आता कसला आकडा?"

"शेळगावची एसटी बारामतीला किती वाजता पोचते… तेवढाच."