नमुना सही

शिकलासवरलेला माणूस, तोही याच बँकेतून निवृत्त झालेला, हयातीच्या दाखल्यावर अंगठा का लावतो, असं विचारलंत. बसा. काउंटरवर नवीन आहात म्हणून विचारलंत. जुने कोणी विचारत नाहीत.

एकतीस वर्षं मी इथं सह्या पडताळल्या. कार्डावरची नमुना सही आणि समोर आलेली सही, दोन्ही उलट्या धरायच्या. उलटं धरलं की अक्षर वाचता येत नाही, नुसता हात दिसतो. पेन कुठे उचललं, कुठे अडखळलं, सगळं कळतं. शेवटी शाईवरून बोट फिरवायचं. या कामानं माणूस संशयी होतो. दूधवाला हसला तरी मला वाटायचं, आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय.

सहा वर्षांपूर्वी मी वहिनीला घेऊन त्या नदीकाठच्या तीर्थाच्या गावी गेलो. त्याच्या बारा वर्षं आधी मी आणि दादा वडिलांच्या अस्थी घेऊन तिथंच गेलो होतो. अस्थी सोडून परतताना नाव उलटली. नावाड्यांनी मला ओढून काढलं. दादा सापडला नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याची क्रिया करायची, अशी रीत आहे. ती झाली की वहिनी विधवा ठरणार होती. तोवर तिच्या कपाळावर कुंकू होतं. बारा वर्षं संपत आली तशी ती काही ना काही कारण काढून टाळत होती. शेवटी मीच म्हणालो, "वहिनी, किती दिवस असं लोंबकळत राहायचं?" मी लग्न केलं नाही. दादाच्या घरात, त्याच्या मुलीचा काका म्हणून राहतो.

त्या दिवशी सकाळी धर्मशाळेत माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. वहिनीच्या डबीतली सुई घेतली, दोरा ओवला, बटण शिवलं आणि दोरा दातानं तोडला. मान वर केली तर वहिनी माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही, भावजी."

दादा शिंपी होता. आठवण आली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

बाहेर दाट धुकं होतं. पायऱ्या दिसत होत्या, नदी दिसत नव्हती. नुसतं पाणी दगडावर आपटल्याचा आवाज येत होता, तोही मागे वळलं की जवळून आल्यासारखा वाटे. आमच्या घराण्याचे उपाध्याय घाटावरच्या एका माडीवर बसत. खोलीत कापूर आणि दमट कापडाचा वास होता. भिंतीला लागून फडक्यात बांधलेल्या लांबलचक वह्या होत्या. तीर्थाला आलेल्या प्रत्येक घराण्याची एकेक वही. आलेल्या माणसानं त्यात कारण लिहून सही करायची, ही तिथली पद्धत.

म्हाताऱ्यानं आमचं पान काढलं. वडिलांच्या नावाखाली आम्हा भावांच्या सह्या होत्या, नावेत बसण्याच्या तासभर आधी केलेल्या. वर दादाची, खाली माझी. दोघंही सहीत नुसतं आडनाव लिहायचो. दादाला सही करायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी यायची. शेवटचा फराटा मागे आणून तो एक बारीक गाठ मारायचा, शिंपी दोरा संपवतो तशी. माझा फराटा सरळ जायचा.

"आता याच्याखाली करा," उपाध्याय म्हणाले.

मी सही केली. त्यांनी चष्मा पुसला. वर बघितलं, खाली बघितलं.

"यजमान, तुम्ही धाकटे ना?"

"हो."

"मग सही थोरल्यांची का केलीत?"

मला हसू आलं. मग मी पानाकडे बघितलं. फराट्याच्या टोकाला गाठ होती.

पहिला संशय अर्थातच म्हाताऱ्यावर. पान बदललं असेल, जास्तीचे विधी गळ्यात मारायचे असतील. मी वही ओढून उलटी धरली. नक्कल करणारा कुठे तरी थबकतोच. इथं हात कुठेच थबकला नव्हता. वरच्या आणि खालच्या सहीत केसाचाही फरक नव्हता. माझी स्वतःची जुनी सही मात्र तिसऱ्याच कोणाची तरी वाटत होती.

आणि तेव्हा मला आठवलं. अपघातानंतर माझा हात कापायचा, सही बदलली होती. बँकेनं नवीन नमुना मागितला. पडताळणारा कोण? मीच! जुनं कार्ड काढून ताडून बघायचं सोडून मी ते तसंच फाडून टाकलं होतं. गावाच्या सह्यांवर संशय घेणाऱ्यानं स्वतःची तेवढी डोळे मिटून पास केली.

"वहिनी," मी म्हणालो, "हे बघ ना काय…"

"मला माहीत आहे." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "पोरीच्या प्रगतिपुस्तकावर तुम्हीच सही करायचात. पहिल्याच वर्षी बघितलं मी. म्हटलं, भास असेल… तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, भावजी. लहानपणापासून नाही."

आरशात चेहरा माझाच असतो, साहेब. त्याबद्दल शंका घेऊ नका. मी रोज बघतो.

वहिनी उपाध्यायांकडे वळली. पदर सावरत तिनं विचारलं, "क्रिया… धाकट्याच्या नावानं करता येईल का?"

मी हो म्हणालो नाही. सवयीनं माझं बोट माझ्या जुन्या सहीवरून फिरलं आणि अंगठाही टेकला. दोन्ही निळे झाले. दादाची सही कोरडी होती. त्याच पेननं, त्याच सकाळी केलेली. माझी तेवढी ओली होती, आणि बोटाला नदीचा वास येत होता.

म्हाताऱ्यानं वही मिटली. "आधी गेलंय कोण ते ठरवून या," म्हणाला, आणि फडक्याची गाठ घट्ट बांधली.

आम्ही तसेच परत निघालो. पायऱ्यांवर शेवाळ होतं, माझा पाय सरकला. मागून वहिनीनं दंड धरला.

"अहो… सांभाळून."

भावजी म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही. कुंकू आहे अजून. मी माझ्या खोलीत असतो, ती तिच्या. जेवायला हाक मारते तेव्हाही नुसतं अहो. मी ओ देतो. दर वेळी ठरवतो, द्यायची नाही, आणि दर वेळी देतो.

म्हणून मी सही करत नाही. आणा तो फॉर्म. हयात आहे असा अंगठा लावायला माझी हरकत नाही, कोण हयात आहे तेवढं विचारू नका.

तुमचं शाईचं पॅड राहू द्या, मला लागत नाही. आणि हा कागद बाकीच्या कागदांवर ठेवू नका. मागच्या वर्षीचा माझा दाखला फाइलीतून काढून बघा एकदा.

हात पुसायला फडकं देऊ का?