चतुराचे पंख

"हे तर श्रद्धांजलीचे फोटो झाले," शलाका स्वतःशीच पुटपुटली.

घडियाळी पोळच्या जुन्या गल्लीतल्या भक्तीबेनच्या छपाईच्या दुकानात ती नमुन्याचा कागद घेऊन उभी होती. तिने काढलेले चार चतुर... आणि प्रत्येकामागे काळाकुट्ट चौकोन.

"ते काळं नाहीये," शेजारून कुणीतरी मराठीत म्हणालं. "तिथे काहीच नाहीये."

तिने वळून पाहिलं. वडिलांच्या निवृत्तीच्या पत्रिका छापायला आलेला एक तरुण. चष्म्याच्या काचेवर पावसाचे दोन थेंब तसेच राहिलेले.

"काहीच नाही, तर काळं का दिसतंय?"

"चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात. लाल, हिरवा, निळा. आणि चौथा... त्यातून आरपार किती दिसू द्यायचं तो. चित्रं लहान करताना कुणीतरी जेपीजी केली असणार. त्यात चौथ्या आकड्याला जागाच नसते. तो गेला की बहुतेक वेळा काळं उरतं."

आपल्याच चित्रात न दिसणारा एक आकडा आहे, हे शलाकाला आजवर ठाऊक नव्हतं. तिला गंमत वाटली, आणि तिने त्याला एकामागून एक प्रश्न विचारले.

"किती चित्रं आहेत?" त्याने विचारलं.

"चौऱ्याऐंशी. लहान मुलांच्या एका दालनात काचेवर छापायचीत. वीस तारखेला द्यायचीत."

"आणि तुम्ही फक्त चतुर काढता?"

"हो, पण किडेच. चतुर माणसं नाही काढत."

तो हसला. त्याचं नाव अमोघ. कंपनीत प्रोग्राम लिहायचा. "एक छोटा प्रोग्राम लिहिला की सगळी एकदम लहान होतील," तो म्हणाला. "वांधो नाही, काही अडचण यायची नाही."

तिने पेनड्राइव्ह दिला. का दिला... तिलाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी गोत्रीला, तिच्या सोसायटीच्या बाकावर बसून त्याने लॅपटॉप उघडला. काळं खरंच गेलं होतं. ती बघायला वाकली, तिची वेणी त्याच्या हाताला लागली, आणि दोघंही एकदम स्क्रीनकडे बघू लागले.

"अमोघ... पंख कुठे आहेत?"

काही चतुरांना पंखच नव्हते. काहींचे पंख प्लॅस्टिकसारखे जाड झाले होते.

"कडा स्वच्छ याव्यात म्हणून मी लिहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "निम्म्याहून कमी दिसत असेल ते पुसायचं, जास्त असेल ते पूर्ण भरायचं. पंख मधलेच असतील, हे डोक्यातच आलं नाही."

"मग मूळ फाइलींवरून पुन्हा कर."

त्याने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "मी त्यांच्यावरच सेव्ह केलं. कॉपी काढली नव्हती. चूक माझी आहे, शलाका."

ज्या टॅबवर ती चित्रं काढायची तो भरला म्हणून तिने तिथली पुसली होती, आणि दुकानात उरली होती ती काळीच. तीन महिन्यांचं काम. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मेसेज केला – 'प्रोग्राममधली ती पुसायची ओळ कुठली, ते दाखव.'

तो आला. तिने ती ओळ दोनदा वाचली. "खोटं का नाही बोललास? पेनड्राइव्ह खराब झाला म्हणाला असतास तर मी मानलं असतं."

"तू मला चौथ्या आकड्याबद्दल किती प्रश्न विचारले होतेस... तुझ्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही."

शलाकाने लॅपटॉप मिटला. "तू कधी चतुर जवळून पाहिलायस?"

"नाही."

"मग उद्या सकाळी सातला तळ्यावर ये."

गोत्रीच्या तळ्याकाठी गवताच्या पात्यावर एक चतुर बसला होता. श्वास रोखून दोघं शेजारी वाकले. पंखाखालून हिरवं पातं अंधूक दिसत होतं.

"चौथा आकडा किती लिहू?" तो कुजबुजला. "सत्तर टक्के?"

"चाळीस. टोकाकडे तीस... आणि चतुराकडे बघ, माझ्याकडे नको."

चतुरांची धडं शाबूत होती, पंख नव्याने काढायचे होते. ती दिवसभर काढायची. ऑफिसातून सुटला की तो यायचा, आधी कॉपी काढायचा, मग तो चौथा आकडा जसाच्या तसा ठेवून चित्रं लहान करायचा. अकराव्या दिवशी, वीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी, चौऱ्याऐंशी पूर्ण झाली.

दालन उघडलं त्या सकाळी काचांमधून ऊन येत होतं आणि मुलं पंखांतून पलीकडची झाडं बघत होती. गर्दी ओसरल्यावर अमोघ तिच्याजवळ आला.

"आता उद्यापासून... मी कुठल्या निमित्ताने येऊ?"

"निमित्त कशाला हवं?"

"तुझ्या आईला काय सांगशील?"

"सांगितलंय कालच. की मला तू आवडतोस."

तो एक पाऊल जवळ आला. "मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हे त्या मुलाला माहीत आहे का?" शलाकाने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "म्हटलं, उद्या सांगते त्याला."

अमोघने तिचं बोट हळूच ओढणीतून सोडवलं, आणि हात हातातच ठेवला.

"माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण रोज घरी जाताना वाटेत स्वतःला विचारत होतो, हिला मी आवडतो का."