डाव्या सीटचं वजन

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगते. या गोष्टीची मला भीती वाटते, पण त्याहून जास्त चीड येते. आजही येते.

मी आणि माझा थोरला भाऊ मिळून चाकं बसवण्याचं वर्कशॉप चालवतो. त्याला मी दादा म्हणते. आमच्याकडे जास्त करून जुन्या जपानी गाड्या येतात. वेगासाठी बनवलेल्या, दोन दारांच्या, जमिनीला पोट टेकल्यासारख्या. हौशी लोक त्यांना रुंद रिम घालतात. चाक मडगार्डच्या कडेशी नेमकं जुळलं, की गाडी काय रुबाबात उभी राहते! पण ते जुळवणं ही तारेवरची कसरत. बोटभर चुकलं तरी टायर घासतो.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. जुन्या गाड्या विकणारा एक दलाल चंदेरी गाडी घेऊन आला. बोलणं इतकं गुळचट, की आम्ही त्याला गोड्याच म्हणायचो.

"ताई, रुंद रिम बसवून द्या. संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येतंय. आणि हे स्पेसर."

स्पेसर म्हणजे चाक बाहेर यावं म्हणून त्याच्यामागे घालायची धातूची चकती. याने आणलेली जाडजूड, आणि बोल्ट मात्र जुनेच, आखूड. नट जेमतेम दोन आट्यांवर लटकला असता.

"चाक निखळेल," मी म्हटलं.

"छे हो! दिसायला झ्याक दिसलं की झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिसायला झ्याक! आत बसणाऱ्याचं काहीही होवो! मी चकत्या परत त्याच्या हातात कोंबल्या.

दादा शांत डोक्याचा. "भांडण मग करा," म्हणाला. "आधी गाडीचं वजन बघू."

आम्ही चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवतो. कुठल्या चाकावर किती भार आहे ते पडद्यावर दिसतं, त्यावरून स्प्रिंगा वरखाली करता येतात. गाडी रिकामी होती. तरी डावी बाजू जड दाखवत होती. थोडीथोडकी नाही, एक माणूस बसल्याइतकी.

दादाने डिकी पाहिली, सीटखाली हात घातला. काहीच नव्हतं. मग त्याने काटेच अदलाबदल केले. पुन्हा डावीकडेच जड. आणि आता तो आकडा हलायला लागला. किंचित वर, किंचित खाली... पुन्हा वर... संथपणे.

"कुणी श्वास घेतंय जसं..." दादा पुटपुटला.

कंप्रेसर बंद होता. बाहेर वाराही पडलेला. त्या शांततेत डाव्या सीटची स्प्रिंग हळूच कुरकुरली. गाडी केव्हाची थंड झाली होती, तरी उघड्या काचेतून जळक्या रबराचा वास येत होता, ताजा.

गोड्या हसला. "काटे बिघडलेत तुमचे. थांबा, मी बसून दाखवतो."

तो उजवीकडे, स्टिअरिंगमागे बसला आणि दार ओढून घेतलं. उजवीकडचा आकडा वाढला. वाढणारच. पण मग डावीकडचा उतरायला लागला. हळूहळू, जणू कुणी जागेवरून उठतंय... पार रिकाम्या सीटइतका उतरला. आणि तेवढाच भार उजवीकडे चढला.

गोड्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"ताई... माझ्या मांडीवर..."

"काय?"

"गार आहे हो... दार... दार उघडा..."

मी दार ओढलं. कुलूप नव्हतं, तरी हलेना. दादाही आला, दोघांनी मिळून ओढलं. छे! आणि माझा संताप उफाळून आला.

"या गाडीत कोण गेलंय? खरं बोल!"

"पोरगी... कॉलेजातली... तिचा भाऊ चालवत होता. चाक निखळलं..."

"आणि ते चाक बसवलं कुणी?"

उजवीकडचा आकडा चढतच होता. मडगार्ड उजव्या टायरवर टेकलं होतं.

"मी..." तो म्हणाला. "स्पेसर घालून... मीच..."

दार सहज उघडलं. गोड्या बाहेर कोसळला, धडपडत उठला आणि अनवाणीच पळत सुटला. त्याचे बूट आत राहिले.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. अपघात विभागात काम करणारी नर्स होती. मी तिला सगळं सांगितलं, काट्यांचंही. भुताचं तिने काही विचारलं नाही. पांढरीफटक पडून एवढंच म्हणाली, "असल्या गाड्यांतून काढलेली माणसं मी रोज बघते. आणि मलाच ही विकत होता?"

ती आमच्याबरोबर पोलिस चौकीतही आली. तिथे साहेब म्हणाले, "वजनाचा आकडा हा काय पुरावा आहे का, बाई?" अंगाची लाही लाही झाली. गोड्याने नुसता निरोप धाडला, "गाडी मोडीत घाला." त्या पोरीबद्दल एक चकार शब्द नाही. निर्लज्ज मेला!

शेवटी आम्हीच गाडी टेम्पोवर चढवून भंगारच्या आवारात नेली. लख्ख ऊन होतं. क्रेनवाल्याने पंजा खाली आणला, टपाला लावला, आणि मध्येच थांबवला. केबिनमधून डोकं बाहेर काढून तो आमच्यावर खेकसला.

"लाज नाही वाटत? माणूस आत असताना गाडी उचलायला सांगता?"

"आत कुणी नाही हो," मी म्हटलं.

"माझे डोळे फुटलेत काय? ती मुलगी काय आहे मग? मघापासून तुमच्याकडे बघून बोलतेय बिचारी! आधी तिला उतरवा!"

मी पुढच्या काचेतून पाहिलं. दोन रिकाम्या सीटा. नुसतं ऊन.

तेवढ्यात माझ्याशेजारी दादा हलक्या आवाजात म्हणाला, "हो... आलो."

"कुणाला म्हणालास?"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो गाडीच्या डाव्या दाराकडे निघाला होता.

"तिने हाक मारली ना आत्ता," तो म्हणाला. "दादा म्हणून."