अर्पणपत्रिकेचं प्रूफ

ही गोष्ट माझ्याच घरात घडलीय. पटली नाही तर सोडून द्या, पण मला वेड्यात काढू नका.

२००७ चा मे महिना. रविवारची दुपार. मीरा रोडला हाटकेशमधलं आमचं घर. लाइट गेलेली, पंखा बंद, त्यामुळे बारीकसा आवाजही ऐकू यायचा.

माझे मिस्टर काशीनाथ, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. शंभर वर्षांपूर्वी शीख धर्मविचारावर ज्या अभ्यासकांनी मोलाचं लेखन केलं, त्यांच्यावर यांनी मराठीत पुस्तक लिहिलं होतं. ते आता छापखान्यात होतं.

प्रुफं तपासायची यांची एक पद्धत होती. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, "स्वल्पविराम, पूर्णविराम" असंसुद्धा म्हणायचं. यांनी प्रुफावर नजर ठेवायची. कानावर पडेल ते खरं. छापलेलं वेगळं असेल तर लाल पेनाने दुरुस्त करायचं.

आधी हे वाचन सुचेता करायची. यांची पहिली बायको. ती वारल्यावर माझं यांच्याशी लग्न झालं, आणि तिची खुर्ची मला मिळाली.

मी अडखळले की हे म्हणायचे, "सुचेता इथे थांबायची."

मेलेल्या बाईचा मला इतका हेवा वाटायचा की घास गोड लागत नसे.

म्हणून मी हट्टच धरला. अर्पणपत्रिकेत माझं नाव हवं. यांनी बरेच दिवस टाळलं, मग एकदाचं हस्तलिखितातलं तिचं नाव खोडून माझं लिहिलं.

तेव्हापासून...

शेजारच्या नीलमने जिन्यात विचारलं, "भाभी, आपकी बहन आयी है क्या? दोपहर को दो लेडीज पढ़ती हैं ना?"

मला बहीण नाही.

त्या रविवारी मी हउमैवरचं प्रकरण वाचत होते. हउमै म्हणजे 'मी, माझं'. ते घरसंसारात राहूनच सुटतं, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. एके ठिकाणी मी स्वल्पविराम म्हणायला विसरले.

"स्वल्पविराम..."

माझ्या खुर्चीमागून. बाईचा आवाज. वाचनाला सरावलेला.

यांनी मान वर केली नाही.

मी उठले नाही. उठले असते तर खुर्ची रिकामी झाली असती.

शेवटी अर्पणपत्रिका आली. पुस्तकाची पहिली पानं छापखाना सगळ्यात शेवटी पाठवतो. मी तोंड उघडलं...

आवाजच फुटेना.

हे मात्र ऐकत होते. माझ्या वाचनाने कधी आलं नव्हतं असं समाधान चेहऱ्यावर होतं. लाल पेन चाललं.

"झालं. आज छान वाचलंस."

मी प्रूफ ओढून घेतलं. 'मृणालिनीस' या माझ्या नावावर रेघ होती. बाजूला लाल अक्षरांत 'सुचेतास'.

"अहो, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना? दोनदा म्हणालीस."

मी त्यांना हस्तलिखित दाखवलं. ते गोंधळले, लगेच पुन्हा माझं नाव लिहिलं. प्रूफ मी स्वतः छापखान्यात नेऊन दिलं.

पुस्तक छापून आलं. पहिलं पान उघडलं...

'सुचेतास'.

आता तपासायला काहीच उरलेलं नाही. तरी रोज दुपारी हे त्या रिकाम्या खुर्चीसमोर डोळे मिटून बसतात. मधूनच हसतात, मान डोलावतात.

मी दारात उभी राहून कान देते.

मला काहीच ऐकू येत नाही. भीतीपेक्षा तेच मनाला जास्त लागतं.