पेटीचा शेवटचा टाका

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

ज्यांच्यासोबत हे घडलं ते भटूमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. आजही धुळ्यात आहेत. रचून सांगायचं म्हटलं तर त्यांना साधी उशिरा घरी येण्याची थापसुद्धा जमत नाही, मामी लगेच पकडते.

साल त्र्याण्णव. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. जागा, धुळ्याबाहेर पारोळा रोडला लीलाधरनानांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज.

आणि वेळ रात्रीची नव्हती…

भर दुपारची होती.

गोष्टीपुरतं मी त्यांना भटूच म्हणतो. तेव्हा ते तिशीत होते.

भटू गॅसवेल्डिंगचा कारागीर, आणि भिकन त्याचा जोडीदार. भटू बाहेरून आच द्यायचा. भिकन गाडीच्या आत बसून पत्र्यामागे तांब्याची पट्टी दाबून धरायचा. तांब्याला टाका चिकटत नाही, जास्तीची आच ते ओढून घेतं, म्हणून पातळ पत्र्याला भोक पडत नाही.

दोघांच्या मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून खुणा ठरलेल्या होत्या.

आतून दोनदा टक टक… म्हणजे, मी तयार, मार.

तीनदा टक टक टक… म्हणजे, थांब, माझा हात आत आहे.

कित्येक वर्षं दोघांचं काम या खुणांवर चाललं. भिकनच्या हाताला कधी साधा चटका बसला नाही.

पौषात भिकन काविळीने गेला.

त्याच्या बायकोने, मंजुळाबाईने, तिरडीवर ती पट्टी त्याच्या हातात ठेवली. तळहाताएवढी, एक कोपरा तुटलेली. भिकनची बोटं तिच्यावर भटूनेच मिटली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले. तांबं काही लाकडाच्या आगीत राख होत नाही.

पण पट्टी…

सापडली नाही.

कुणी उचलली असेल, असं म्हणून सगळ्यांनी विषय सोडला. भटूनेही सोडला. त्याच्यापुढे तेव्हा दुसरंच संकट उभं होतं.

नानांनी नवं मशीन आणलं होतं. कागदावर त्याचं नाव मिग, पण गॅरेजात सगळे त्याला सीओटू म्हणायचे. गनचा घोडा दाबला की तार आपोआप बाहेर येते, तीच वितळते, तोच टाका. मारुतीचा पत्रा गॅसच्या आचेने लाटेसारखा वाकायचा, म्हणून हे मशीन. कंपनीचा माणूस एक दिवस येऊन दाखवून गेला. "सलग रेघ ओढू नका. थेंब टाका, थांबा. मग दुसऱ्या टोकाला थेंब. पत्र्याला श्वास घेऊ द्या."

त्याचं ठीक होतं. भटूचा हात गॅसचा, सबुरीने रेघ ओढणारा. घोडा दाबला की पत्र्याला भोक. भोक बुजवायला गेला की त्याहून मोठं भोक. जुन्या बोनेटची त्याने पार चाळणी केली. गॅरेजातले पेंटर म्हणायचे, "भटूभाऊ, हे आम्हाला द्या, घरी रवा चाळायला होईल."

भटू हसायचा. आणि चाळणी झालेलं बोनेट कोपऱ्यात सरकवायचा.

मागे पट्टी धरली असती तर जमलं असतं. पण एका हातात गन, दुसऱ्या हातात काळी काच. तिसरा हात कुठून आणायचा? माणूस मागितला तर नाना म्हणाले, "हे एका माणसाचं मशीन आहे, भटू. हात बसत नसेल तर सांग. मी सुरतहून कारागीर बोलावतो."

भटूला दुसरं काही येत नव्हतं. घरचं शेत दोन भावांनाच पुरत नव्हतं.

"नाना, आखाजी लगून थांबा," तो म्हणाला. "हात बशी जाई."

त्या दुपारी सगळे जेवून निंबाखाली आडवे झाले होते. भटू एकटाच आत. गाडीचं एक जुनं दार सरावासाठी स्टँडवर उभं बांधलेलं. पंखा बंद, कारण वाऱ्याने मशीनचा गॅस उडतो आणि टाका फुटतो. शटर अर्धं खाली ओढलेलं. रस्त्यावर एक गाडी नाही. उन्हाने छताचा पत्राही कुरकुरायचा थांबलेला.

त्याने काळी काच डोळ्यांसमोर धरली. काचेतून ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही. नुसता अंधार.

गन टेकवली. बोट घोड्यावर.

आणि दाराच्या मागून…

टक टक.

भटूने घोडा दाबला. विचार केलाच नाही. इतक्या वर्षांची सवय, बोटाने आपोआप ऐकलं. तव्यावर मिरची तडतडावी तसा आवाज आला. कंपनीवाला ज्याला बरोबर आवाज म्हणायचा, तोच.

थेंब पडला. भोक नाही.

टक टक.

दुसरा थेंब. तिसरा. जिथे टक टक यायची, तिथेच तो टाकत गेला. पूर्ण जोड भरला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की दारामागे कुणी असायला नको.

काच खाली केली.

"कोण शे रे तठे?"



तो दाराला वळसा घालून मागे गेला. कुणी नव्हतं. भिंत, गंजके सायलेन्सर, एक फाटका टायर. त्याने जोडाची मागची बाजू पाहिली.

तिथे वितळलेल्या तारेचे थेंब लोंबायला हवे होते. एकही नव्हता. सगळं सपाट, दाबून धरल्यासारखं. आणि जळालेल्या रंगावर एक चौकोनी ठसा उठला होता, तळहाताएवढा.

चौकोनाचा एक कोपरा… तुटका होता.

भटू बाहेर पळाला नाही. तो मला म्हणाला, "माले भ्याव वाटनं नही तव्हय. माले रडू उनं." भिकन आला होता. मेल्यावरही जोडीदाराची अडचण बघून आला होता.

त्यानंतर रोज दुपारी टक टक येत राहिली. भटूचे जोड आरशासारखे व्हायला लागले. नाना पाठीवर थाप मारून म्हणाले, "बसला रे हात!" सुरतचं नाव निघायचं थांबलं. पण धोका पूर्ण टळला नव्हता. नाना म्हणाले, "आखाजीच्या आदल्या दिवशी रुपचंदशेठची गाडी आहे. ती माझ्यासमोर कर. मग पक्कं."

रुपचंदशेठ दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी. त्यांच्या पांढऱ्या मारुतीला ट्रॉलीने बाजूने फाडलं होतं. मारुतीच्या दाराखाली पत्र्याची एक लांब पोकळ जागा असते. गॅरेजात तिला पेटी म्हणतात. ती नवी बसवायची होती.

पेटी जोडताना मागे पट्टी धरता येते, पण शेवटचा तुकडा लावेपर्यंतच. सगळ्यात शेवटी हात जाईल एवढं भगदाड ठेवायचं. त्यातून हात आणि पट्टी बाहेर काढायची. मगच ते भगदाड बंद करायचं. हे भिकनला भटूपेक्षा जास्त ठाऊक होतं.

शेठ आणि नाना खुर्च्या टाकून बसले. भटूने सुरुवात केली. टक टक, थेंब. टक टक, थेंब. त्या दोघांना आवाज ऐकू येत नव्हता. भटूला मात्र पेटीच्या आत तो पुढे पुढे सरकताना ऐकू येत होता.

शेवटचं भगदाड उरलं.

भटूने त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवला. काच वर धरली. अंधार.

टक टक टक.

भटूचं बोट थांबलं.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"लाव की लवकर," शेठ म्हणाले. "सणाला घरी पोचायचं आहे."

टक टक टक…

नाना खुर्चीवरून उठले. "भटू, जमत नाही का? खरं सांग."

खरं काय सांगणार? पेटीत मेलेल्या माणसाचा हात आहे, असं?

टक टक टक. टक टक टक. आता घाईने. आता जोरात.

भटूने घोडा दाबला.

थेंब, थेंब, थेंब. शेवटचा टाका पडला, आणि आवाज बंद झाला.

गाडी दोंडाईच्याला गेली. भटूची जागा पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे घागर भरतात, आणि निखाऱ्यावर पुरणपोळीचा, तुपाचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आगारी पेटली की पितर जेवले. भटू मंजुळाबाईच्या घरी गेला होता. तिने तूप सोडलं.

निखारे फुललेले होते. तरी घास पेटला नाही.

पुन्हा तूप. पुन्हा. नुसता काळा धूर.

मंजुळाबाई भटूकडे बघत म्हणाली, "भाऊ, बठ्ठासना पितर घर उनात. त्या उनात नही. कोठे अडकनात व्हतीन?"

सगळ्यांचे पितर घरी आले होते, तिचा भिकनच तेवढा आला नव्हता; भटू पानावर न बसताच उठून आला.

दिवाळीनंतर रुपचंदशेठ कुरकुरत आले. "काय रे काम केलंस? दाराखाली रंग फुगतोय. गंज धरला वाटतं."

भटू खाली बसला. पत्र्यावरून तळहात फिरवला, आणि हात तिथेच गोठला. डेंटरच्या हाताला फसवता येत नाही. हा गंज नव्हता. हे आतून ठोकलेले उंचवटे होते. बारीक बारीक, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तीन. थोडी जागा सोडून तीन. पुन्हा तीन.

सगळीकडे… तीन तीन.

फक्त त्या शेवटच्या तुकड्यावर दोनच होते. *मी तयार, मार.*

भटूने ग्राइंडर घेतला आणि तो तुकडा कापला. रेघ सरळ गेली. आत अंधार होता. त्याने हात घातला.

बोटांना पट्टी लागली.

कोपरा तुटलेली. सकाळच्या थंडीत सगळी गाडी गार पडलेली होती, पण पट्टी कोमट होती. आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखी.

त्याच दिवशी त्याने ती मंजुळाबाईला नेऊन दिली. तिने एका शब्दाने विचारलं नाही की कुठे सापडली. पदराने पुसली आणि देवाजवळ ठेवली.

सकाळी उठून बघते तर देवाजवळ काही नव्हतं. कडी आतून लावलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पट्टी गेली. कुठे गेली, ते आजतागायत कळलेलं नाही.

भटूमामांचं आता स्वतःचं गॅरेज आहे. मी गेल्या वर्षी गेलो होतो, तेव्हा एका गाडीच्या पेटीचं काम चालू होतं. शेवटचा तुकडा लावायची वेळ आली तशी मामांनी हातमोजा काढला, सगळ्यांना गप्प केलं. पत्र्यावर बोटाने तीनदा ठोकलं आणि खाली वाकून म्हणाले, "भिकनभाऊ, हात काढ. आते बंद करस."

आणि कान लावून बसले. खूप वेळ.

काहीच आवाज आला नाही. मी म्हणालो, "मामा, कुणी नाही आत. करा बंद."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"जवाब येत नही ना, त्यानंच तं भ्याव वाटस," ते म्हणाले. "बाहेर निंघना का पेटीमाच रुसी बठेल शे, माले कसं समजी?"

गाडीचा मालक बाहेर हॉर्न वाजवत होता.

मामांनी त्या दिवशी शेवटचा टाका मारला नाही. तो त्यांच्या कारागिराने मारला. मामा तोपर्यंत रस्त्यापलीकडे, पाठ करून उभे होते. दोन्ही कानांवर हात ठेवून.